झोपूनही न जाणारा थकवा आणि पडद्यावरची थेरपी

गेल्या गणेश चवथीला माझ्या भाचीने माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला हातभार लावला. म्हणजे खुर्चीवर बसून कांगले, आंबाडे, सुपारीची शिप्टी एकेक करून भावाच्या हातात दिली. फार तर पाऊण तास. संध्याकाळी ती आरतीला उभी राहिली, पाहुण्यांशी बोलली, हसली. दुसरा दिवसही बरा गेला. गोव्यातल्या डिचोलीच्या त्या घरात सगळ्यांना वाटलं, देवाने गाऱ्हाणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना. खिडकीतला उजेड सोसेना, भांड्यांचा आवाज सोसेना, पेजेची वाटी हातात धरवेना. पुढचे अकरा दिवस ती अंथरुणातच होती.

शेजारणीने विचारलं, "काल-परवापर्यंत तर हिंडत होती ना?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण भाचीच्या क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराबद्दलचा सगळा गैरसमज त्या एका प्रश्नात मावतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या ओळखीचा थकवा लगेच येतो आणि रात्रभर झोपलं की उतरतो. या आजारातला थकवा उधारीसारखा उशिरा वसूल होतो. शरीराला जेवढं झेपतं त्यापेक्षा थोडं जास्त झालं, की साधारण बारा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी फटका बसतो, आणि तो दिवसभर, आठवडाभर, कधी महिनाभरही टिकतो. ते 'जास्त' म्हणजे डोंगर चढणंच असावं लागत नाही. अंघोळ, गणिताचा तास, मैत्रिणीशी लांबलेला फोन, एवढंही पुरतं. डॉक्टर याला 'पोस्ट-एक्झर्शनल मलेझ' म्हणतात. मी या लेखात नुसतं 'फटका' म्हणेन, कारण आमच्या घरात आता तोच शब्द रुळला आहे. फटका उशिरा बसत असल्यामुळे त्याचं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. माटोळी रविवारी आणि अंथरूण मंगळवारी, मग दोन्हींचा संबंध कोण जोडणार?

क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं दुसरं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, त्यामुळे हल्ली दोन्ही जोडून एमई/सीएफएस असं लिहितात. दुसरं नाव जुनं आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी मोठ्या संख्येने एका अनाकलनीय आजाराने पडले, त्यानंतर ते रूढ झालं. 'फटीग' हे नाव अमेरिकेत १९८८ मध्ये आलं, आणि माझ्या मते त्याने रुग्णांचं नुकसानच केलं. क्षयाला 'जुनाट खोकला' म्हटलं असतं तर त्याला कुणी गांभीर्याने घेतलं असतं का? जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार १९६९ पासून मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवला आहे. तरी आमच्याकडे पहिला निष्कर्ष निघाला तो 'दहावीचं टेन्शन', आणि दुसरा, जरा हळू आवाजात, 'आळस'. गोव्याच्या माणसाला सुशेगाद म्हणून बाहेरचे हिणवतात तेव्हा आपल्याला राग येतो. पण आपल्याच घरातल्या आजारी मुलीला आळशी म्हणताना आपली जीभ अडखळत नाही.

ओळखायच्या खुणा चार. पूर्वीसारखं काहीच करता येऊ नये इतका थकवा, श्रमानंतरचा फटका, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि डोक्यात धुकं साठल्यासारखं होणं. त्या धुक्यामुळे वाचलेलं ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत विसरायला होतं. बऱ्याच मुलांना उभं राहिलं की चक्कर येते, छाती धडधडते. कित्येकदा सुरुवात साध्या संसर्गापासून होते. माझ्या भाचीची पावसाळ्यातल्या डेंग्यूपासून झाली. ताप गेला, प्लेटलेट वाढल्या, रिपोर्ट चांगले आले, आणि मुलगी मात्र उठलीच नाही. अमेरिकेत ग्लँड्युलर फीव्हर (विषाणूमुळे येणारा, गळ्यातल्या गाठी सुजवणारा ताप) झालेल्या ३०१ किशोरांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनी ४ टक्के मुलांमध्ये हा आजार आढळला. या आकड्यांत काळजी आहे तसा दिलासाही आहे. बरीच मुलं बरी होतात, मोठ्यांपेक्षा मुलांचं बरं होण्याचं प्रमाण चांगलं असतं. पण वेळ लागतो.

थकवा आणि हा आजार यांतला फरक गोव्याच्या संदर्भात मुद्दाम सांगायला हवा. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गोव्यातल्या बायकांच्या थकव्यावर एक पाहणी छापून आली. १८ ते ५० वयाच्या जवळपास अडीच हजार स्त्रियांपैकी १२ टक्क्यांनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचं सांगितलं. संशोधकांना त्याचा संबंध रक्तातल्या हिमोग्लोबिनपेक्षा मनावरचा ताण, गरिबी, घरातला छळ यांच्याशी जास्त दिसला. अभ्यास मोलाचा आहे. पण त्यात मोजलं गेलं ते थकवा हे लक्षण. एमई/सीएफएस त्याहून वेगळा आणि बराच दुर्मीळ आजार आहे. 'थकवा म्हणजे मनाचा ताण' हे सरसकट उत्तर इथे लावलं तर उपचारच उलटा पडतो. कसा, ते पुढे येईलच.

आता ऑनलाइन थेरपीकडे वळू. ती का हवी, याचं उत्तर प्रवासात आहे. डिचोलीहून पणजीला जायचं म्हणजे सकाळी उठून अंघोळ, कपडे, कदंबच्या स्टँडपर्यंत चालणं, बसमधली गर्दी आणि हॉर्न, मग दवाखान्यातली तासभराची वाट. तज्ज्ञाच्या खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत मुलीचं दोन दिवसांचं बळ संपलेलं असतं. डॉक्टरांसमोर ती जेमतेम तीन वाक्यं बोलते. बाकीचं आई बोलते. घरी परतल्यावर फटका, आणि त्या फटक्यात डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धंअधिक विसरायला होतं. ज्या आजारात श्रमानेच माणूस खाली जातो, तिथे उपचारासाठी एवढा श्रम करायला लावणं मुळातच चूक. शिवाय हा आजार नीट जाणणारे तज्ज्ञ भारतातच कमी, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाशी पडद्यावरून बोलता येणं ही मोठी सोय आहे.

या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. उत्रेख्तच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या चमूने 'फिटनेट' नावाचा कार्यक्रम तयार केला आणि २०१२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. १२ ते १८ वयोगटातली १३५ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला इंटरनेटवरची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी तपासून हळूहळू बदलायची पद्धत. तिचे २१ पाठ होते. मूल ते आपल्या सवडीने सोडवी, थेरपिस्ट लेखी उत्तर पाठवी, आणि आईवडिलांसाठी समांतर पाठ वेगळे होते. सहा महिन्यांनी इंटरनेट गटातली ७५ टक्के मुलं पूर्णवेळ शाळेत जात होती. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं.

इतका फरक पाहून कुठल्या आईचे डोळे भरून येणार नाहीत? माझ्या बहिणीचे आले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तिला म्हटलं, ताई, थांब, पुढचंही वाच. याच मुलांना त्या चमूने सरासरी २.७ वर्षांनी पुन्हा गाठलं. तेव्हा इंटरनेट गटातली ६४ टक्के बरी होती आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातली सुमारे ५३ टक्के. दोघांतला फरक योगायोगानेही पडू शकतो इतकाच होता. मधल्या काळात नेहमीच्या उपचारांतल्या बऱ्याच मुलांनीही फिटनेट घेतलं होतं, त्यामुळे दोन गट पुरते वेगळे उरले नव्हते, हे खरं. आणखी एक अडचण अशी की थकवा किती कमी झाला हे मूलच सांगतं, आणि आपण कुठल्या गटात आहोत हेही त्याला ठाऊक असतं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन ही अडचण टाळता येते, थेरपीत येत नाही. या थेरपीने काही मुलं लवकर सावरतात, एवढं मी त्यातून घेतलं. कायमची बरी करते असं म्हणायला तो पुरावा पुरत नाही.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी हाच कार्यक्रम तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी बेतला. जवळपास तज्ज्ञ नाही अशी ११ ते १७ वयाची ३१४ मुलं त्यात होती, आणि तुलना होती व्हिडिओ कॉलवरून रोजच्या हालचालींची आखणी शिकवण्याशी. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापात फिटनेटचा गट सहा महिन्यांनी सरासरी ८ गुणांनी पुढे होता. फरक आहे, पण नेदरलँड्समधल्या पहिल्या बातमीने डोळे दिपले होते तसा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पडद्यापलीकडचा माणूस मुलाला नेमकं काय सांगतो?

या आजारावरच्या थेरपीत दोन विचार आहेत. जुना विचार असा: संसर्ग केव्हाच गेला, आता मूल हालचालीला घाबरतं आहे, पडून राहून अशक्त झालं आहे, तर भीती घालवा आणि व्यायाम दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे वाढवा. यालाच 'ग्रेडेड एक्सरसाइज' म्हणतात. २०११ साली ब्रिटनमध्ये ६४१ प्रौढांवर झालेल्या 'पेस' चाचणीने याला बळ दिलं. पण 'बरं झालं' कशाला म्हणायचं याची व्याख्या आधी ठरवलेल्यापेक्षा सैल केली गेली, यावर मोठा वाद झाला. २०१६ मध्ये लवादाच्या आदेशाने आकडे खुले करावे लागले, आणि मूळ व्याख्येने पुन्हा हिशेब केल्यावर बरे झालेल्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. दरम्यान व्यायामाने प्रकृती आणखी बिघडल्याचं रुग्ण वर्षानुवर्षं सांगतच होते.

दुसरा विचार रुग्णांच्या अनुभवातून आला. आजार शरीराचा आहे, बळाला मर्यादा आहे, ती ओळखा आणि तिच्या आत राहा. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच बाजू घेतली. ठरावीक वाढीचा व्यायाम देऊ नका असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीबद्दल म्हटलं, की आजारासोबत जगण्याचा त्रास हलका करायला ती देता येईल, पण ती आजार बरा करते असं सांगू नका, आणि रुग्णाच्या चुकीच्या समजुतींमुळे आजार टिकून आहे असं गृहीत धरू नका.

हा वाद आमच्या घरात येऊन गेला म्हणून मी एवढं लांबवते आहे. भाचीची पहिली ऑनलाइन थेरपी सुरू झाली तेव्हा समुपदेशकाने रोज दहा मिनिटं चालायला आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायला सांगितलं. "मन घट्ट कर," असंही सांगितलं. मुलगी जिद्दीची. तिने ऐकलं. पाचव्या आठवड्यात ती जिना चढू शकत नव्हती, आणि आपण कमी पडलो असं तिला वाटू लागलं. हे दुसरं दुखणं पहिल्यापेक्षा वाईट.

त्या समुपदेशकाची चूक समजण्यासारखी आहे. नैराश्यात हाच उपाय लागू पडतो. आपल्या गोव्याने तर यात जगाला वाट दाखवली. पर्वरीच्या 'संगत' संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नैराश्याच्या रुग्णांवर जी छोटी थेरपी वापरली, तिचा गाभाच असा की माणसाला अर्थपूर्ण कामांकडे परत वळवायचं, आणि ती देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक होते. ते निष्कर्षही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मला त्या कामाचा अभिमान आहे. पण नैराश्यातल्या माणसाला हालचालीने बरं वाटतं, आणि एमई/सीएफएसमधल्या मुलाला त्याच हालचालीने फटका बसतो. म्हणून आधी आजार ओळखायला हवा. एक प्रश्न उपयोगी पडतो: "उद्या सकाळी एकदम बरी होऊन उठलीस तर काय करशील?" नैराश्यातलं मूल बहुतेकदा खांदे उडवतं. माझी भाची दहा मिनिटं बोलत होती. मिरामारला जाणार, कथ्थकचा क्लास पुन्हा लावणार, मैत्रिणीच्या घरी राहायला जाणार. अर्थात दोन्ही दुखणी एकाच मुलाला असू शकतात, तेव्हा नैराश्याचा उपचार टाळायचा नाही, पण चालण्याची सक्ती त्यातून वगळायची.

दुसऱ्या थेरपिस्टने पहिले तीन आठवडे काहीच वाढवलं नाही. फक्त नोंद ठेवायला सांगितली: तासातासाला काय केलं आणि तीन दिवसांनी कसं वाटलं. त्यातून जे दिसलं त्याला मी भरती-ओहोटी म्हणते. बरं वाटलं त्या दिवशी मुलगी आठवड्याची तुंबलेली कामं उरकायची, मग ओहोटी. मग त्यांनी तिला गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण दिलं. उन्हाळ्यात नळाला तासभरच पाणी येतं तेव्हा आपण काय करतो? टाकीत किती आहे ते बघून बादल्या ठरवतो, आणि तळाशी थोडं राखून ठेवतो. भाचीची टाकी तेव्हा दिवसाला साधारण तीन तासांच्या हलक्या कामाची होती. वाचनही त्यात धरायचं, मोबाइलही, भावाशी भांडणही. बरं वाटलं तरी त्यापुढे जायचं नाही. आठवडे सलग स्थिर गेले तरच किंचित पुढे, आणि फटका बसला तर अपराधी न वाटता मागे. याला 'पेसिंग' म्हणतात. ऐकायला सोपं, पण पंधरा वर्षांच्या मुलीला बरं वाटत असताना थांबायला सांगणं किती कठीण असतं ते तिची आईच जाणे. थेरपीचा खरा उपयोग इथे झाला. थांबताना होणारी चिडचिड, मैत्रिणी पुढे गेल्याचं दुःख, आपण घराला भार झालो ही भावना, हे सगळं ऐकायला कुणीतरी हवं होतं.

पडदाही टाकीतलं पाणी वापरतो, हे आम्हाला उशिरा कळलं. पन्नास मिनिटांचा व्हिडिओ कॉल या मुलांना जड जातो. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं मागून घेतली, कॅमेरा बंद ठेवून, भाची आडवी पडून. बोलवत नसेल त्या दिवशी ती चार ओळी लिहून पाठवते आणि उत्तर लेखीच येतं. जोराच्या पावसात वीज जाते, नेट जातं, तेव्हा साध्या फोनवर बोलायचं हे आधीच ठरलेलं असतं. भाषेचंही बघा. घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीत मन उघडं करायला लावलं तर निम्मी ताकद शब्द शोधण्यात जाते. आणि खाजगीपणा! आपल्या घरांत दार लोटून बोलायची पद्धत नाही. आजी बाहेर बाल्कांवात बसलेली, आई स्वयंपाकघरात कान देऊन. ताईने त्या वीस मिनिटांत देवळात जायचं ठरवलं, तेव्हा कुठे मुलगी मोकळी झाली.

डॉक्टरांची जागा मात्र पडदा घेऊ शकत नाही. रक्तक्षय, थायरॉइड, क्षय, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, सीलिएक (गहू न सोसणारा आतड्यांचा आजार) यांतलं काही नाही हे आधी बालरोगतज्ज्ञांनी समक्ष तपासून ठरवायला हवं. उभं राहिल्यावरच्या धडधडीची तपासणी तर अगदी साधी आहे. आडवं असताना नाडी मोजायची, मग उभं राहून दहा मिनिटं. किशोरवयीन मुलांत ठोके मिनिटाला ४० किंवा अधिक वाढले तर 'पॉट्स', म्हणजे उभं राहिलं की हृदयाचे ठोके फार वाढण्याचा विकार, असण्याची शंका घेतात, आणि त्यावर उपचार आहेत. भाचीचे तसेच वाढले. त्यावरच्या उपचारांनी तिला थेरपीइतकाच आराम पडला, आणि ही तपासणी वर्षभर कुणी केली नव्हती.

थेरपिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे आहे का ते विचारा. त्यात संकोच नको. मग हा एक प्रश्न विचारा: "फटका बसल्यावर तुम्ही काय करायला सांगता?" उत्तर 'तरी ठरलेलं पूर्ण करायचं' असं आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला घेताना २०२० च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस हवं, तेव्हा तसं नियोजन ठेवा. मूल जगायचंच नाही असं काही बोललं तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

शाळेबद्दल थोडंच. पूर्ण हजेरी हे पहिलं ध्येय ठेवू नका, मग संशोधनात यश तसं मोजलेलं असलं तरी. भाचीच्या शाळेने तिचा वर्ग तळमजल्यावर आणला आणि दिवसाला दोनच तास बसायची मुभा दिली. माझ्याही वर्गात असं मूल आलं तर मी हेच मागेन. तेही झेपलं नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवता येतो. दहावी एका मार्चातच व्हायला हवी असं शरीराने कुठे लिहून दिलंय?

यंदाच्या चवथीची आखणी भाचीने आणि थेरपिस्टने तीन आठवडे आधीच केली. माटोळीची यादी तिने अंथरुणात पडून लिहायची, सामान हातात द्यायचं काम चुलत भावाकडे. आरती बसून. पाहुण्यांना ताईने आधीच सांगून ठेवलं की ती वीस मिनिटांनी आत जाईल आणि तिला कुणी हाक मारायची नाही. नेवऱ्या (करंज्या) मात्र तिला करायच्याच होत्या, त्यावर वाद झाला, शेवटी दोन ठरल्या. चवथ झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला तर तिनेच उचलला. आवाज थकलेला होता. "मावशी," म्हणाली, "दोन नाही, तीन केल्या."